पदवीचे ओझे

स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या शाळेत माझे महत्त्व एकाएकी वाढते. मी चित्रकलेचा मास्तर. एरवी माझा तास वेळापत्रकात असतो तो गणिताच्या शिक्षकांनी उसना घेण्यासाठीच. पण त्या आठवड्यात मात्र 'मास्तर कुठे आहेत?' असा शोध सुरू होतो, कारण फलक लिहायचे असतात. पाहुण्यांची नावे, देणगीदारांची नावे, बक्षिसे मिळवणाऱ्या मुलांची नावे. सगळ्या गावाची नावे माझ्या कुंचल्याखालून जातात. कथा-कादंबऱ्या लिहून मी जे नाव मिळवू शकलो नाही, ते माझ्या अक्षराने मला कल्याण-डोंबिवलीत मिळवून दिले आहे.

गेल्या वर्षी असाच एक फलक लिहीत होतो. एका पाहुण्यांच्या नावापुढे इतक्या पदव्या होत्या की त्या एका ओळीत मावेनात. शेवटी मी त्यांचे नाव बारीक केले आणि पदव्या ठळक केल्या. मला वाटले, आता बोलणी बसणार. पण मुख्याध्यापक फलकाकडे पाहून न हसता म्हणाले, "बरोबर केलेत. नाव काय, सगळ्यांनाच असते."

हे वाक्य माझ्या जिव्हारी लागले, हे कबूल करायला हवे. माझ्या नावापुढे लिहायला काही नाही. शाळान्त परीक्षा झाली, घरची ओढाताण होती, म्हणून चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि नोकरीला लागलो. पदविका म्हणजे पदवीची धाकटी बहीण. लग्नकार्यात तिला कोणी पुढे बसवत नाही.

नववीतली दोन मुले तेव्हा माझ्याबरोबर कुंचले धुवायला थांबली होती. त्यांतल्या एकाचे आडनाव खान. तो अचानक म्हणाला, "सर, पुस्तकात चंगीझखान आहे ना, तो आमच्यातला का?"

दुसरा लगेच म्हणाला, "आणि अफजलखान?"

क्षणभर कोणी बोलले नाही. नळाचे पाणी तेवढे वाहत होते. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नाही, त्याला मास्तर लोकांनी एक उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. मी म्हणालो, "उद्या सांगतो."

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर डोंबिवलीची गाडी न धरता मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. हे वाचनालय १८६४ सालचे. तिथे जे वाचले, ते दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितले. आणि त्यातून जो प्रश्न माझ्या मानगुटीस बसला, तो आज वाचकांना सांगत आहे.

चंगीझखान मुसलमान नव्हता. तो मंगोल; 'तेंग्री' म्हणजे निळे आभाळ, त्याला देव मानणारा. त्याचे नावही चंगीझ नव्हते, ते होते तेमुजिन. १२०६ साली ओनोन नदीच्या काठी मंगोल टोळ्यांची मोठी सभा भरली आणि तिने त्याला 'चंगीझखान' ही पदवी दिली. म्हणजे सात-आठशे वर्षे जगाला त्याची पदवीच पाठ आहे. 'खान' हा शब्द तर त्याच्याही आधीचा. मध्य आशियाच्या गवताळ मैदानात घोड्यांवर राहणाऱ्या लोकांत टोळीच्या राजाला खान म्हणत आणि अनेक खानांच्या वर जो सम्राट, त्याला 'खागान' म्हणत. त्याची राणी ती 'खातून'. ५५२ साली तुर्कांचे पहिले मोठे साम्राज्य उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बूमिनाने हीच खागान पदवी धारण केली. एका काळी या पृथ्वीवर 'खागान' म्हणवून घेण्याचा अधिकार जेमतेम एखाद-दुसऱ्या माणसाला होता.

पण पदव्यांचे नाण्यांसारखे असते. फार पाडली की किंमत उतरते. तुर्क सुलतान दिल्लीस आले, तेव्हा 'खान' हा त्यांच्या दरबारातल्या सरदारांचा दर्जा झाला. दख्खनच्या शाह्यांत तो आणखी पसरला. अफजलखानाचे मूळ नाव अब्दुल्ला, शाहिस्तेखानाचे अबू तालिब. 'खान' हा दरबाराने दिलेला मान. बंगाल्यात तर हिंदू घराण्यांतूनही 'खाँ' हे आडनाव सापडते. आणि आज ते आमच्या वर्गातल्या, काचेच्या गोट्या खिशात घेऊन फिरणाऱ्या मुलाचे आडनाव आहे. सम्राट, मग राजा, मग सरदार, मग आडनाव. एका शब्दाने केवढा जिना उतरावा!

दुसराही एक शब्द मुलांना फार आवडला. मंगोल वीराला 'बाआतुर' म्हणत. तोच फारसीतून आपल्याकडे 'बहादूर' होऊन आला आणि मराठीने त्याला 'बहाद्दर' करून टाकले. बडोद्याच्या गायकवाडांना १७२० साली 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला, त्यातला बहादूर हाच. इंग्रजांनी रावबहादूर आणि खानबहादूर केले, तेही त्याच मातीचे. मंगोलियाच्या राजधानीचे आजचे नाव उलानबातर. म्हणजे 'लाल बहादूर'! हे सांगितल्यावर दोन्ही मुले इतकी हसली की अफजलखान आणि चंगीझखान दोघेही त्या हसण्यात वाहून गेले.

आमच्या कल्याणात शेणाळे तलावाकाठी, लोक ज्याला काळा तलाव म्हणतात तिथे, मातबरखानाची कबर आहे. औरंगजेबाच्या काळात या कल्याण प्रांती तो मोगलांचा अंमलदार होता. 'मातबर' म्हणजे मूळ अर्थाने भरवशाचा. बादशहाचा हा भरवशाचा खान तलावाकाठी निजला आहे. त्याच्या आईने त्याला कोणत्या नावाने हाक मारली असेल, हे कबरीजवळून जाणाऱ्याच्या मनातही येत नाही. आणि 'मातबर' हा शब्द मराठीने उचलून भरवशाऐवजी पैशाला जोडून दिला. मातबर असामी म्हटले की आपल्याला तिजोरी दिसते.

इथवरची गोष्ट गमतीची आहे. तात्पर्यही सोपे: पदव्या येतात, झिजतात, जातात, माणसाने त्यांचा मोह धरू नये. माझ्यासारख्या बिनपदवीच्या माणसाला हे तात्पर्य किती गोड लागले असेल, सांगायला नको. मी मनाशी म्हणालो, पदवी न घेणारा तोच खरा मोठा. आणि त्याला आधार शोधू लागलो, तेव्हा मला तैमूर भेटला.

तैमूरलंगाने समरकंदापासून इराणपर्यंत राज्य जिंकले. १३९८ साली त्याने दिल्ली लुटली, कत्तल केली. पण या माणसाने स्वतःला कधी 'खान' म्हणवून घेतले नाही. चंगीझाच्या रक्ताचा असेल त्यानेच खान व्हावे, असा त्या मुलखातला दंडक होता आणि तैमूर त्या रक्ताचा नव्हता. मग त्याने काय करावे? चंगीझाच्या कुळातला एक माणूस आणून त्याला खानाच्या गादीवर बसवले. तो मेल्यावर त्याच्या मुलाला बसवले. नाण्यांवर त्यांची नावे घातली. आपण स्वतः राहिला नुसता 'अमीर'. चंगीझाच्या कुळातली राजकन्या त्याने केली होती, म्हणून स्वतःला 'गुरगान', म्हणजे त्या घरचा जावई, म्हणवून घेण्यात त्याने समाधान मानले. केवढी नम्रता! पण ज्यांची घरे जळली त्यांना जाळणाऱ्याच्या नम्रतेचे काय होय?

तैमूर वाचला आणि माझे सोपे तात्पर्य डळमळले. पदवी नाकारणे हा नेहमीच त्याग असतो का? की कधी कधी ती एक सोय असते? सत्ता आपल्या हाती, नाव मात्र दुसऱ्याचे.

हा खेळ परक्यांनीच खेळला असे नाही. शाहू महाराज १७४९ साली वारले आणि पुढे मराठी राज्याचा सारा कारभार पेशव्यांच्या हाती आला. तरी पेशवा हा पेशवाच राहिला. त्याच्या शिक्क्यावर छत्रपतींचे नाव आधी असे, आणि प्रत्येक नव्या पेशव्याची वस्त्रे साताऱ्याहून यावी लागत. अगदी १७९६ साली शेवटच्या बाजीरावाचीसुद्धा तिथूनच आली. या रिवाजामागे निष्ठा नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्यांच्या नावाने वस्त्रे येत, त्या छत्रपतींच्या हाती साताऱ्यास कारभार काही उरला नव्हता, हेही तितकेच खरे.

महादजी शिंद्यांची कथा तर याहून विलक्षण. १७८४ साली दिल्लीच्या शाहआलम बादशहाकडून त्यांनी 'वकील-इ-मुतलक' ही सर्वांत मोठी नेमणूक मिळवली; पण ती पेशव्यांच्या नावे, आणि स्वतः झाले त्यांचे नायब. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या शब्दावर हाले, तो माणूस 'पाटील' म्हणवून घेण्यात भूषण मानी. १७९२ साली ते पुण्यास आले आणि त्या बादशाही मानाची वस्त्रे त्यांनी थाटाने पेशव्यांना अर्पण केली. तेव्हा पेशव्यांचे जोडे त्यांनी आपल्या हाती घेतले, अशी आख्यायिका आहे. आणि त्या बादशहाचे काय झाले? १७८८ साली गुलाम कादिराने दिल्लीच्या लाल किल्ल्यात शिरून शाहआलमचे डोळे काढले. पदव्यांनी लादलेला तो म्हातारा आंधळा झाला. महादजींनी पुढे दिल्ली परत घेतली, गुलाम कादिराला पकडून देहान्त दिला. पण डोळे काही परत देता आले नाहीत. नाव ज्याचे, जखम त्याला. कारभार ज्याचा, तो दूर.

मग पदवी घ्यावी की घेऊ नये? या प्रश्नाचा दुसरा बाजूने विचार मला शिवरायांनी करायला लावला. १६५७ साली त्यांनी कल्याण-भिवंडी घेतली. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे त्यांनी मुकुटाशिवाय राज्य केले. किल्ले होते, आरमार होते, खजिना होता, शत्रूला धाक होता. मग ६ जून १६७४ रोजी रायगडावर एवढा सोहळा कशासाठी? मानासाठी म्हणावे, तर मान आधीच मिळाला होता. मला असे वाटते, की त्या दिवसापर्यंत त्यांनी केलेला न्याय हा एका जहागीरदाराच्या बंडखोर मुलाने केलेला न्याय होता. दिलेले इनाम कोणाच्या अधिकाराने दिले, केलेला तह कोणी पाळायचा, याला जगाच्या लेखी धनी नव्हता. 'छत्रपती' ही पदवी घेऊन त्यांनी एवढेच सांगितले, की हे जे चालले आहे त्याचा धनी मी आहे. बरे-वाईट काय ते मला विचारा. पदव्यांची भाषाही त्यांनी बदलली. पेशव्याचा मुख्य प्रधान केला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. प्रजेच्या गवताच्या काडीलाही शिपायाने हात लावू नये, म्हणून छावणीतल्या अंमलदारांना ताकीद देणारा हाच राजा. ज्याने नाव घेतले, त्याने काडीचासुद्धा हिशेब स्वतःवर घेतला.

आणि गंमत अशी, की खागानांच्या मुलखातही हाच विचार एके काळी दगडावर कोरला गेला होता. मंगोलियात ओरखोन नदीच्या खोऱ्यात तुर्कांचे आठव्या शतकातले शिलालेख आहेत. ते कोणाला वाचता येत नव्हते. १८९३ साली थॉमसन नावाच्या डॅनिश पंडिताने ती लिपी सोडवली. त्यांतला एक ७३२ सालचा लेख बिल्गे खागानाने आपल्या मेलेल्या धाकट्या भावासाठी उभारला. त्यात विजयांचा पाढा आहेच. पण त्याबरोबर आपण गादीवर आलो तेव्हा लोक कसे अन्नवस्त्राला महाग होते आणि त्यांच्यासाठी आपण रात्रीची झोप कशी सोडली, याचाही जबाब आहे. राजाने प्रजेसमोर दिलेला जबाब! मला वाटते, खागान या पदवीचा खरा अर्थ त्या दगडात आहे. पदवी म्हणजे दागिना नव्हे. पदवी म्हणजे उधारी. लोक आधी मान देतात आणि मग जन्मभर वसुली करतात, करावी.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेने अठराव्या कलमात सरकारी किताब बंद केले ते फार बरे झाले. लष्करी आणि शैक्षणिक मानाखेरीज कोणतीही पदवी सरकारने देऊ नये, असे तिथे म्हटले आहे. (म्हणजे माझ्यासारख्याला दोन्ही दारे बंद!) पण लोकांनी मनापासून दिलेल्या पदव्यांना कोणते कलम अडवणार? जोतीराव फुल्यांना ११ मे १८८८ रोजी मुंबईच्या मांडवीत कष्टकऱ्यांनी सभा भरवून 'महात्मा' म्हटले. ती पदवी कोणत्या दरबारातून आली नव्हती, म्हणून ती झिजलीही नाही. उधारी आधीच फेडून झाली होती. पावती मागाहून आली.

हे सारे मी माझ्या दोन विद्यार्थ्यांना त्यांना झेपेल तसे सांगितले. सांगता सांगता मलाच रंग चढला होता. तेव्हा तो खान आडनावाचा मुलगा कुंचला झटकीत सहज म्हणाला, "मग सर, 'सर' हीपण पदवीच ना?"

पदवीच ती. इंग्रज सरकारने १८४२ साली जमशेदजी जीजीभाईंना 'सर' केले; त्यांच्या नावाची कलाशाळा हे आम्हा चित्रकलेच्या लोकांचे पंढरपूर. खानाप्रमाणे हा शब्दही जिना उतरत उतरत शाळेच्या वर्गात आला. खडू हाती धरणारा प्रत्येक जण आज 'सर' आहे. मी हसून 'हो' म्हणालो. पण त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्या शब्दाबरोबर एक जुनी उधारी समोर येऊन उभी राहिली होती.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाचे मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, कागदपत्रांना कंटाळलेले. माझे अक्षर बरे, म्हणून कार्यालयातले एकेक काम माझ्याकडे येत गेले. पत्रे मी लिहायची, सूचना मी काढायच्या, याद्या मी करायच्या. ते सही करीत. पुढे पुढे ते वाचतही नसत. सहकारी थट्टेने म्हणत, "खरे मुख्याध्यापक तुम्हीच." मी म्हणे, "छे, मी आपला साधा मास्तर." असे म्हणताना आतून किती बरे वाटे! सत्तेची चव असावी आणि वर नम्रतेचे पुण्यही मिळावे, याहून आणखी काय पाहिजे?

त्या वर्षी नववीतल्या कमी हजेरीच्या मुलांना वार्षिक परीक्षेला बसू द्यायचे नाही, असे ठरले. यादी मी केली. एका मुलाचे नाव घालताना माझा हात थांबला होता. त्याचा बाप अंथरुणाला खिळला आहे आणि मुलगा सकाळी भाजीच्या गाडीवर उभा राहतो, हे मला ठाऊक होते. मी मुख्याध्यापकांना एक शब्द बोललो असतो, तर त्यांनी ते नाव खोडले असते. बोललो नाही. नियम सर्वांना सारखा, असे मनाशी म्हटले आणि यादी सुबक अक्षरात फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मुख्याध्यापक बाहेरगावी होते. ती कार्यालयाच्या दाराशी उभी राहून म्हणाली, "सर, पोराला पेपराला बसू द्या. आता रोज धाडते."

मी म्हणालो, "बाई, माझ्या हातात काय आहे? मी चित्रकलेचा मास्तर. यादीवर सही मोठ्या सरांची आहे. ते आले की त्यांना भेटा."

ती बाई भांडली नाही, रडली नाही. थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "सही त्यांची असंल. पण पोरगा म्हणत होता, अक्षर तुमचंच आहे."

आणि निघून गेली. मुलगा परत शाळेत आला नाही.

तैमूरला मी नावे ठेवली, पेशव्यांचा आणि महादजींचा हिशेब मांडला. पण माझ्या एवढ्याशा राज्यात मीही एक खान गादीवर बसवून ठेवला होता, आणि वेळ आली तेव्हा त्याच्या सहीमागे लपलो होतो. पदवी नसणे हा माझा मोठेपणा नव्हता. ती माझी पळवाट होती. ज्याने मला 'सर' म्हटले, त्याने त्या एका शब्दात मला पदवीही दिली होती आणि कामही. पदवी मी रोज घेत होतो. काम तेवढे दुसऱ्याच्या नावावर टाकले.

यंदा पुन्हा संमेलन जवळ आले आहे. फलक माझ्याकडेच आहेत. पदव्या मी ठळकच लिहितो; ज्याची त्याची उधारी ज्याची तो जाणे. फक्त शाळेची कोणतीही सूचना वा यादी लिहून झाली, की हल्ली मी खालच्या कोपऱ्यात माझे नाव घालतो. पुढे काही नाही, मागे काही नाही, नुसते नाव. मुख्याध्यापकांनी एकदा विचारले, "मास्तर, याची काय गरज?"

मी म्हणालो, "कोणी विचारायला आले, तर कुठे यायचे ते कळावे म्हणून."